मुळांवरच्या गाठींची हकीकत



हरभऱ्याच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. असे का घडते, याचा उलगडा मात्र १८८६ साली झाला. त्या उलगड्याची हकीकत आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना विशेष मननीय वाटते.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे. नत्रावाचून पीक वाढत नाही; परंतु हवेतला नत्र त्याला आहे तसा घेता येत नाही. भरल्या कोठारात उपाशी राहावे, तशीच ही गत!

१८३८ च्या सुमारास बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तोलूनमापून दाखवले की, वाटाणा व क्लोव्हर यांत नत्राची भर पडते, गव्हात पडत नाही. ही भर येते कोठून? इंग्लंडात रॉथमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये याचा निकाल लावायचे ठरवले. त्यांनी माती भाजून घेतली, रोपे काचेखाली झाकली, आत जाणारी हवासुद्धा धुऊन घेतली. नत्र काही वाढला नाही. वनस्पती हवेतला नत्र घेत नाहीत, असा निवाडा झाला आणि तो पाव शतकाहून अधिक काळ टिकला.

प्रयोगात हयगय नव्हती. उलट तो फार काटेकोर होता. माती भाजताना तिच्यातला कामकरीच मेला होता, आणि मग येथे काम होत नाही, असा शेरा मारला गेला!

पुढे जर्मनीत बर्नबुर्ग येथे हेलरीगेल व विल्फार्थ यांनी वाळूच्या कुंड्यांत पिके लावली. ओट घातलेल्या नत्राच्या प्रमाणात वाढे. वाटाणा मात्र एका कुंडीत तरारलेला, तर शेजारच्या कुंडीत मरतुकडा. त्यांनी शेतातली माती पाण्यात ढवळून ते पाणी वाळूत घातले. वाटाणे जोमाने वाढले व मुळांवर गाठी आल्या. तेच पाणी उकळून घातले, तर गाठीही नाहीत आणि वाढही नाही. काम करणारा सजीव आहे, हे सिद्ध झाले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने गाठींतले जिवाणू वेगळे करून वाढवले. रॉथमस्टेडनेही नवे प्रयोग करून ही गोष्ट मान्य केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारेच होय.

या भागीदारीत झाड जिवाणूंना साखर पुरवते. जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करून झाडाला देतात. पीक निघाल्यावर मुळे व पाला कुजतो आणि उरलेला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. सगळेच उपटून नेले, तर जमिनीला फारसे काही उरत नाही.

माणसाने हेच काम हाबरच्या पद्धतीने १९१३ पासून कारखान्यात सुरू केले. त्याला सुमारे ४०० ते ५०० अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. त्यापूर्वी युरोपची शेते चिलीच्या सोऱ्यावर पुष्कळ अवलंबून होती. तेथील सोऱ्याच्या संपकरी मजुरांवर २१ डिसेंबर १९०७ रोजी इकीके येथे सैन्याने गोळ्या झाडल्या. खताच्या पोत्याला असाही इतिहास आहे.

शेतावर गेलात, तर भुईमुगाचे एक रोप अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत तांबूस रंग दिसला, तर समजावे की जमिनीखालचे काम चालू आहे.