उखळ, जातें आणि ओंवी

मुंबई-आग्रा रस्त्यानें इगतपुरी मागें टाकली म्हणजे घोटी लागते. भोंवतालचा मुलूख भाताच्या खाचरांचा, आणि घोटीची ख्याति तांदळाची पेठ म्हणून. आसपासच्या खेड्यांतील भात येथील गिरण्यांत येतें, तूस आणि कोंडा निराळा होतो, व पोत्यांत भरलेला तांदूळ शहरांतील घरांकडे निघतो. हा व्यवहार आज सर्वांच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु भात घरच्या उखळांतून निघून गिरणींत गेलें, तेव्हां त्याच्यासंगें घरांतून आणखी एक वस्तु गेली, आणि तिची नोंद कोणत्याहि वहींत झाली नाहीं. ती वस्तु म्हणजे कांडणाचें गाणें.

या गाण्याची परंपरा थोडीथोडकी जुनी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजांच्या विनोदाचीं साधनें सांगतांना त्यांत गीतांचाहि विचार आला आहे. आणि महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओंवी गातात, असा उल्लेख तेथें सांपडतो. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. म्हणजे तिच्यापूर्वीं दीडशें वर्षांहून अधिक काळ ओंवी उखळापाशीं नांदत होती. पुढें नामदेवांच्या घरीं राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत तर विठ्ठल स्वतःच दळण्याकांडण्याला हात लावावयास येतो. ज्या देशांत देवालाहि भेटीचें ठिकाण म्हणून जातें आवडलें, तेथें घरकाम आणि कला यांच्यामध्यें भिंत नव्हती, हें निराळें सांगावयास नको.

ही कला शिकविली कशी जात असे? तिला पाठशाळा नव्हती, गुरु नव्हता, परीक्षा तर नव्हतीच. पहांटेच्या अंधारांत दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत. एकीनें ओंवी उचलावी, दुसरीनें तिला साथ द्यावी. जात्याची घरघर हाच सूर आणि फेरा हाच ताल. मुखांत वैरण घालण्यासाठीं हात थांबला कीं गाणेंहि क्षणभर विसावें. उखळापाशीं मुसळें आळीपाळीनें पडत, तीं एकमेकांवर आदळूं नयेत यासाठींहि ठेका संभाळावा लागे. मांडीवर अर्धवट झोपेंत असलेल्या मुलाच्या कानांवर हें सारें पडत असे. मुलगी थोडी मोठी झाली कीं तिचा हात खुंट्याला लागे, आणि हाताबरोबर गळाहि. कोणाचा आवाज गोड, कोणाचा भसाडा, याची विचारपूस कोणी केली नाहीं. कारण ऐकण्यासाठीं कोणी बसलेंच नव्हतें. जी गात होती तीच ऐकत होती.

आणि गात काय होती? आरंभींच्या ओंव्या देवाला, पंढरीला, तुळशीला. मग आईबाप, भाऊ, माहेरची वाट. मग मूल. आणि या सर्वांच्या आडून, जें सासरीं उघड बोलतां येत नसे तेंहि. सीतेच्या वनवासाच्या ओंव्यांत रामाला जे प्रश्न विचारले गेले, ते पुराणिकानें कधीं विचारले नसतील. सासूच्या देखत सुनेला आपलें मन सांगण्याची मुभा दिवसाच्या चोवीस तासांत याच एका वेळीं होती. म्हणून ओंवी ही केवळ करमणूक नव्हती. घरांतील मुक्या माणसाची ती वाणी होती.

यंत्र आलें तें या वाणीशीं वैर धरून आलें नाहीं. १८६५ सालीं थळ घाटांतून लोहमार्ग इगतपुरीस चढला आणि या भागाला मुंबईची बाजारपेठ जवळची झाली. विसाव्या शतकांत तेलाच्या आणि मागाहून विजेच्या जोरावर पिठाच्या व भाताच्या गिरण्या गांवोगांव पसरल्या. त्यांनीं बायकांच्या खांद्यांवरचें ओझें उतरविलें. रोज पहांटे शेरोशेर दळणें व भात कांडणें हे कष्ट किती, हें ज्यांनीं केलें त्यांनाच ठाऊक. ते पुन्हां यावेत असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. १९३४ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व त्यानें हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. यंत्रांत घोटलेल्या तांदळाचें सत्त्व कोंड्याबरोबर जातें, हें तोंवर शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें होतें. जावा बेटांत बेरीबेरीचा शोध घेणाऱ्या आइकमनला त्याबद्दल १९२९ चें नोबेल पारितोषिकहि मिळालें. कोंड्याबरोबर जें गेलें त्याचा हिशेब असा लागला. गाण्याबरोबर जें गेलें त्याचा हिशेब लावावयाचें काम मात्र थोड्याच लोकांनीं अंगावर घेतलें.

त्या थोड्यांत साने गुरुजी होते. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं 'श्यामची आई' लिहिणाऱ्या या लेखकानें बायकांच्या तोंडच्या ओंव्या जमवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलें. कमलाबाई देशपांडे यांनीं स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' असें गौरवाचें नांव दिलें. खानदेशांत बहिणाबाई चौधरींना लिहितांवाचतां येत नव्हतें. पण त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरचें आणखी एक आप्त माणूस यांनीं त्यांचीं गाणीं टिपून ठेवलीं, म्हणून १९५१ सालीं त्या गेल्यावर पुढच्याच वर्षीं तीं महाराष्ट्राच्या हातीं आलीं. त्यानंतर गी प्वातवॅं व हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक खेडीं धुंडाळून सुमारें १,१०,००० ओंव्या मिळविल्या. त्यांतील कित्येक मूळ आवाजांत २०१७ पासून लोकांपुढें येत आहेत.

हें धन अमोल खरें. पण संग्रहांत जपलेली ओंवी आणि गळ्यांतून निघणारी ओंवी यांत अंतर आहे. पहिली ऐकावयाची, दुसरी म्हणावयाची. नभोवाणी आली, ध्वनिमुद्रिका आल्या, आतां तर सारें संगीत खिशांत मावतें. घरांतील गाणें वाढलें आणि घरांतील गाणारे उणे झाले. याला उपाय नाहीं असें मात्र नाहीं. घोटीच्या वायव्येस त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या डोंगरी भागांत बोहाड्याचा उत्सव होतो. संबळाच्या तालावर देवदैत्यांचे मुखवटे धारण करून नाचणारे तेथें धंद्याचे नट नसतात. ते गांवचेच शेतकरी. कित्येक गांवांत अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याचा, असा वहिवाटीचा नेम असतो. बाप थकला कीं मुलगा उभा राहतो. शहरांतील घरांनाहि हा अनुभव अगदींच परका नाहीं. गणेशचतुर्थीला आरतीच्या वेळीं आजोबांपासून नातवापर्यंत सारें घर टाळ्या वाजवीत गातें, सूर चुकला तरी कोणी थांबत नाहीं. नवरात्रांत भोंडल्याभोंवतीं मुली फेर धरतात.

या तिन्हींत मर्म एकच. ओंवी नित्यकर्माला बांधलेली होती. कर्म सुटलें, ओंवी सुटली. आरती, भोंडला व बोहाडा वर्षाच्या ठराविक दिवसाला आणि घराच्या मानाला बांधलेले आहेत, म्हणून ते टिकले. कला घरांत राहते ती केवळ आवडीवर नव्हे, तर नेमावर. जातें परत आणावयाचें कारण नाहीं. पण आठवड्यांतील एक संध्याकाळ नेमून घरांतील सर्वांनीं, आपापल्या बऱ्यावाईट आवाजानें, एकत्र गावें, हें कोणत्याहि घराला साधण्यासारखें आहे. ज्या घरांत आजी अजून आहे, तेथें तिच्या ओंव्या तिच्या नांवानिशीं लिहून घ्याव्या, आणि मग वही मिटून तिच्याबरोबर म्हणाव्या.