पेनिसिलीन चिकटते कुठे?

नेवाशात १९५४ साल म्हटले की सांकलियांचे उत्खनन आठवते. त्याच साली, आमच्या महामार्गाच्या पुण्याकडच्या टोकाला पिंपरीत, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्या काळी पेनिसिलीनची ताकद मोजत ती अगारच्या थाळीवर: जिवाणूंच्या थरात औषध ठेवायचे आणि भोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ मोजायचे. वर्तुळ सांगे, जिवाणू मेले. औषधाने कुठे घाव घातला, हे मात्र थाळीला सांगता येत नसे.

ते सांगणारी पद्धत १९७५ साली ब्रायन स्प्रॅट यांनी रूढ केली. पेनिसिलीन आपल्या लक्ष्याला रासायनिक बंधाने असे जखडते, की पुढच्या खटाटोपातही सुटत नाही. स्प्रॅट यांनी हेच हेरले. ई. कोलाय फोडून तिचे पेशीपटल वेगळे काढायचे, त्यात किरणोत्सारी कार्बन असलेले पेनिसिलीन मिसळायचे, प्रथिने जेलमधून विजेच्या दाबाखाली पळवून आकारमानाप्रमाणे वेगळी करायची आणि त्यावर फिल्म ठेवून कित्येक दिवस वाट पाहायची. फिल्मवर पट्टे उमटले. स्प्रॅट यांना अशी सहा प्रथिने दिसली. नव्या औषधाची परीक्षा तर आणखी सोपी: आधी ते द्यायचे, मग खुणेचे पेनिसिलीन. जो पट्टा पुसट होईल, ती जागा नव्या औषधाने आधीच बळकावलेली. (एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.)

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, छत्रपती संभाजीनगरात, वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम तयार झाले. रुग्णालयांत औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंपुढे डॉक्टरांच्या हाती फार थोडे उरते. म्हणून याचे मोल. स्पेन व अमेरिकेतल्या संशोधकांसह २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात परीक्षा तीच होती, फक्त किरणोत्साराऐवजी चकाकणारे पेनिसिलीन. पुसट झाला तो दुसऱ्या क्रमांकाचा पट्टा.

आमच्याकडच्या औषधांच्या इतिहासात फ्लेमिंगची बुरशी हमखास येते, ही जेल क्वचितच. पण जेलचीही मर्यादा आहे. तिथे पेशी आधीच फोडलेली असते. जिवंत जिवाणूचे बाहेरचे आवरण औषधाला आत येऊ देईल की नाही, हे पट्ट्यावरून कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. दुसऱ्या क्रमांकाचे प्रथिन जिवाणूचा दांड्यासारखा आकार राखते. झिडेबॅक्टम दिल्यावर जिवंत पेशी गोल झाल्या, म्हणजे औषध आत पोचले होते.