द्युमांच्या शेजारचे नाव

‘थ्री मस्केटिअर्स’ आणि ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ ही नावे आपण ऐकलेली असतात, निदान सिनेमामुळे तरी. त्यांचे लेखक अलेक्झांडर द्युमा आम्हाला जवळचे वाटतात ते आणखी एका कारणाने. हा माणूस सुरुवातीला आमच्यासारखाच कारकून होता.

द्युमांचा जन्म २४ जुलै १८०२ चा, फ्रान्समधील विलेर-कोतरे गावचा. आजी कॅरिबियन बेटावरची गुलाम स्त्री, तर वडील फ्रेंच सैन्यात जनरल! वडील १८०६ मध्ये वारले आणि विधवा आईला पेन्शन मिळाले नाही. अशा फाइली अडकल्या की घराचे काय होते, ते आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहत असतो.

१८२३ मध्ये द्युमा पॅरिसला नोकरीसाठी आले. वडिलांच्या ओळखीच्या जनरल फ्वा यांनी विचारले, काय येते? हिशेब येत नव्हता, कायदाही नाही. पण कागदावर पत्ता लिहून दिला, तेव्हा अक्षर सुरेख निघाले. तेवढ्यावर ऑर्लियन्सच्या ड्यूकच्या कचेरीत नकलनविशी मिळाली, पगार वर्षाला १२०० फ्रँक. दिवसा नकला, रात्री नाटके. १८२९ मध्ये ‘तिसरा हेन्री आणि त्याचा दरबार’ हे नाटक गाजले. प्रयोगाला खुद्द ड्यूकसाहेब हजर होते.

पुढे वृत्तपत्रांतून क्रमशः कादंबऱ्यांचा जमाना आला. १८४४ मध्ये ‘मस्केटिअर्स’ ‘ल सिएक्ल’मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी दुसऱ्या पत्रात ‘माँटे ख्रिस्तो’. एका हाताला हे कसे जमावे? जमत नव्हतेच. ऑग्युस्त माके नावाचे इतिहासाचे शिक्षक जुने दस्तऐवज धुंडाळून कथानकाचा आराखडा आणि कच्चा मसुदा करून देत. द्युमा त्यावर संवाद चढवत, पात्रांना बोलते करत. वृत्तपत्रांना मात्र एकच नाव हवे होते, कारण खप त्या नावावर होता.

टिपणी आम्ही करायची आणि सही साहेबांची, यात आमचा जन्म गेला, म्हणून माकेंबद्दल आमचे मन थोडे कलते. तरी खरे तेच लिहितो. माकेंनी एकट्याने लिहिलेल्या कादंबऱ्या आज कोणी वाचत नाही. जीव द्युमांनीच ओतला. पण म्हणून मुखपृष्ठावर दुसऱ्या नावाला जागा नव्हती, हे आम्हाला पटत नाही.

प्रकरण कोर्टात गेले. १८५८ च्या निकालात माकेंना पैशाचा वाटा मिळाला, नाव मिळाले नाही.

द्युमांनी कमावले तेवढे उधळले. माँटे ख्रिस्तो नावाचा वाडा बांधला, तो विकावा लागला. ५ डिसेंबर १८७० रोजी मुलाच्या घरी ते गेले. २००२ मध्ये फ्रान्सने त्यांच्या अस्थी समारंभाने पँथिऑनमध्ये नेल्या.

माके १८८८ मध्ये वारले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्या दगडावर त्या कादंबऱ्यांची नावे कोरलेली आहेत.