निरोप्यांचे जाळे

श्रोतेहो, 'बिनतारी' हा शब्द आपण सहज वापरतो. पण आपल्या खिशातला मोबाईल पुरता बिनतारी नाही, बरं का. त्याची बिनतारी वाट जवळच्या मनोऱ्यापाशी संपते. शेजारच्या घरातल्या माणसाशी बोलायचे झाले, तरी ते बोलणे मनोऱ्यावर जाऊन मग त्याच्या कानी पडते. म्हणून पुरात किंवा भूकंपात मनोरा आडवा झाला, की गावातले शंभर फोन धडधाकट असूनही मुके होतात.

मग प्रश्न असा, की मनोरा नसेल तेव्हा हे शंभर फोन आपापसांत निरोप पोचवतील काय? विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे सरकवतात, तसे? आणि रांगेतली माणसे एका जागी उभी न राहता सारखी हिंडत असली तर? या एका प्रश्नापायी पन्नासहून अधिक वर्षे संशोधन चालले आहे. शास्त्रज्ञ अशा रचनेला 'मोबाईल अ‍ॅड हॉक नेटवर्क' म्हणतात. आपण तिला फिरते जाळे म्हणू.

कथेची सुरुवात समुद्रातल्या बेटांवर होते. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रामसन यांना दूरच्या लोकांना विद्यापीठाचा संगणक वापरू द्यायचा होता. तिथल्या टेलिफोनच्या तारा या कामाला भरवशाच्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी रेडिओलहरी वापरल्या आणि १९७१ च्या जूनमध्ये 'अलोहा' हे जाळे सुरू झाले. त्याचा नियम अगदी साधा होता. बोलायचे आहे ना, बोलून टाका. पोच आली तर ठीक. नाही आली, तर कुणी दुसराही त्याच क्षणी बोलला असेल आणि दोघांचे शब्द एकमेकांत मिसळले असतील असे समजा. थोडे थांबा, पण प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबा, आणि पुन्हा बोला. या पद्धतीत लहरींची शंभरातली जेमतेम अठरा हिश्शांची क्षमता उपयोगी पडते, असे गणिताने निघाले. बाकीचा वेळ गोंधळात किंवा शांततेत जातो. तरीही काम चालले, हे महत्त्वाचे. मात्र अलोहात प्रत्येकजण मधल्या मोठ्या केंद्राशीच बोलत असे. एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे न्यायचा, ही गोष्ट तिथे अजून नव्हती.

ती आली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेकडून. हेतू पूरग्रस्तांना मदत करण्याचा नव्हता, लढाईचा होता, हे स्पष्ट सांगितलेले बरे. रणांगणात तारा टाकायला वेळ नसतो आणि मनोरा उभा केला तर शत्रू पहिला तोच पाडतो. रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने १९७३ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'पॅकेट रेडिओ'चे प्रयोग सुरू झाले. निरोपाची लहान लहान पाकिटे करायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि ती एका रेडिओयंत्राकडून दुसऱ्याकडे सोडायची. प्रत्येक यंत्र दर साडेसात सेकंदांनी आपली द्वाही फिरवी: मी इथे आहे, अमका माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर, तमका इतक्या टप्प्यांवर. ज्याला ऐकू येई तो आपल्या वहीत नोंद करी. गस्तीच्या पोलिसाने हाळी द्यावी, तसाच हा प्रकार.

पाव वाटपाच्या गाडीसारखी दिसणारी एक मोटार या यंत्रांनी भरलेली असे. २७ ऑगस्ट १९७६ रोजी ती रोसोटी नावाच्या एका बिअरच्या दुकानाच्या अंगणाशी उभी केली. गाडीतून एक तार बाहेरच्या लाकडी मेजापर्यंत आणली आणि तिथे बसून एक अहवाल दूरच्या संगणकांकडे धाडला. शास्त्र नेहमी प्रयोगशाळेतच घडते असे नाही! पुढच्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९७७ ला, हीच गाडी महामार्गावर धावत असताना तिच्यातली पाकिटे रेडिओने निघाली, तारांच्या जाळ्यात शिरली, उपग्रहामार्गे युरोप गाठून परत कॅलिफोर्नियातच दुसऱ्या टोकाला पोचली. जाऊनयेऊन प्रवास झाला ९४ हजार मैलांचा, सरळ वाटेने जो ८०० मैलांत झाला असता. एकही अक्षर गळाले नाही. आजच्या इंटरनेटचा पाया या चाचणीत दिसतो, म्हणून ती गाडी पुढे माऊंटन व्ह्यू इथल्या संगणकाच्या संग्रहालयात ठेवली गेली.

आता खरी अडचण ऐका. समजा गोपाळच्या शेजारी पाटील राहतात, आणि गोपाळच्या पलीकडे रामू. गोपाळच्या वहीत 'पाटील १ टप्पा', रामूच्या वहीत 'गोपाळमार्गे २ टप्पे'. एके दिवशी पाटील गाव सोडून गेले. गोपाळला त्यांची हाळी ऐकू येईना. तेवढ्यात रामू म्हणाला, "पाटील माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहेत." गोपाळने लिहिले, 'रामूमार्गे ३'. ते ऐकून रामूने ४ केले, मग गोपाळने ५. दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याची शिळी बातमी ताजी समजून सांगतो आहे. निरोप मात्र दोघांत फिरत राहतो आणि पाटलांना कधीच मिळत नाही. माणसे हिंडती असली की हा घोळ घडीघडीला होणार.

यावर १९९४ साली चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी उपाय सुचवला. पर्किन्स तेव्हा आयबीएममध्ये होते आणि भागवत अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात. पुढे पुण्यात वाय-फायच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपनीच्या उभारणीत भागवतांचा वाटा होता. त्यांची युक्ती अशी: पाटलांनी स्वतःच आपल्या प्रत्येक हाळीवर अनुक्रमांक घालायचा, आणि तो नेहमी समसंख्येत. ३८, ४०, ४२ असा. गोपाळला संबंध तुटलेला कळला, की त्याने ४० च्या पुढचा विषम आकडा, म्हणजे ४१, घालून 'पाटील दुरावले' असे जाहीर करायचे. रामूची बातमी ४० क्रमांकाची, म्हणजे जुनी. ती रद्द. पाटील दुसरीकडे दिसले की ४२ ची हाळी येईल आणि ४१ आपोआप पुसला जाईल. बातमी किती जवळची, यापेक्षा ती किती ताजी, हे आधी पाहायचे. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. तिच्यात अवघड गणित जवळजवळ नाहीच.

पण सतत हाळ्या देत राहण्यात बॅटरी आणि लहरी दोन्ही खर्ची पडतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेव्हिड जॉन्सन आणि डेव्हिड मॉल्ट्झ यांनी म्हटले, की गरज पडेल तेव्हाच वाट विचारा. निरोप्याने गावभर पुकारा करावा, आणि पुकारा ज्या ज्या हातांतून गेला त्यांची नावे त्याच्यावर लिहीत जावीत. १९९९ मध्ये पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी 'विचारा तेव्हाच शोधा' आणि 'अनुक्रमांक पाहा' या दोन्ही गोष्टी एकत्र जुळवल्या.

यानंतर निबंधांचा पूर आला. बहुतेकांनी खरे रेडिओ न फिरवता संगणकातच काल्पनिक माणसे फिरवली. १९९८ च्या एका गाजलेल्या तुलनेत अशी ५० काल्पनिक यंत्रे होती. यात गैर काही नाही. शंभर मोटारी भाड्याने कोण घेणार? पण २००५ साली तीन संशोधकांनी या विषयाच्या एका मोठ्या परिषदेतले १५१ निबंध तपासले. त्यांतले ११४ संगणकी प्रयोगांवर उभे होते, आणि शंभरातले पंधराही असे नव्हते की वाचून दुसऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता यावा. कुणी प्रयोग कितीदा केला ते लिहिले नव्हते, कुणी माणसे कशी फिरवली ते. शाळेत आपण मुलांना कृती, निरीक्षण, अनुमान असे लिहायला लावतो. इथे 'कृती'च गाळलेली होती! स्वतःच्या घरची ही झाडलोट त्यांनी चारचौघांत केली, याचे मला कौतुक वाटते.

गणितानेही एक कटु सत्य सांगितले होते. २००० साली पीयूष गुप्ता आणि नागपुरात जन्मलेले पी. आर. कुमार यांनी दाखवले, की जाळ्यात माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी क्षमता घटत जाते. माणसे चौपट झाली, तर प्रत्येकाचा वाटा निम्म्याच्याही खाली येतो. कारण साधे आहे. आपल्या निरोपाबरोबर दुसऱ्यांचेही निरोप वाहायचे, आणि एकजण बोलताना आसपासच्या सर्वांनी गप्प बसायचे.

लहान मुलांसाठी काढलेल्या 'एक्सओ' संगणकाला याचा अनुभव आला. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांना हे संगणक मिळाले. त्यांत एकमेकांमार्फत निरोप पोचवण्याची सोय मुळातच बसवलेली होती. पण जगात जिथे एकाच वर्गात पुष्कळ संगणक दाटीने सुरू झाले, तिथे हे जाळे आपल्याच हाळ्यांनी गुदमरू लागले. नंतरच्या एक्सओंतून ही सोय मागे पडली.

तोडगा निघाला तो उलट बाजूने. २००१ मध्ये मथियास ग्रॉसग्लाउझर आणि डेव्हिड त्से यांनी सांगितले, की हिंडणारी माणसे ही अडचण नव्हे, मदत आहे. मात्र वाट पाहण्याची तयारी हवी. निरोप दहा हातांतून धावडवण्यापेक्षा एकाच्या झोळीत टाका; तो फिरत फिरत पत्त्याच्या माणसाजवळ गेला की देईल. कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात 'डाकनेट' नावाने नेमके हेच करून पाहिले गेले. एस.टी.सारख्या सार्वजनिक बसवर वाय-फायचे यंत्र बसवले. बस गावात आली की केंद्रावरचा संगणक तिच्याशी मिनिट-दोन मिनिटे बोले, जमिनीच्या उताऱ्याची मागणी बसवर चढे, आणि बस तालुक्याला पोचली की तिथल्या संगणकात उतरे. उतारा परतीच्या फेरीला येई.