रुळाखालून कुंपणात

एखाद्या फार्महाऊसच्या परसात काळपट, भेगाळलेल्या जाड लाकडांचं कुंपण दिसलं, तर जवळ जाऊन बघा. टोकापासून थोड्या अंतरावर आरपार भोकं आणि भोवती गंजाचे डाग असतील, तर ते लाकूड बहुधा रेल्वेचं. रूळ बसवायला ठोकलेल्या खिळ्यांची ती भोकं.

ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर साधारण २.७५ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड. पाऊण मीटर जमिनीत गाडला तरी वर दोन मीटर उरतो. एकाला एक लावून उभे केले की शेजाऱ्याची नजर अडलीच!

पण हे लाकूड आलं कुठून?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्या पन्नासेक वर्षांत देशात २४,००० मैलांहून जास्त लोहमार्ग झाला. एका मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागत. काही लोखंडी होते, काही लाकूड परदेशातून जहाजानं येई, पण मोठा भार इथल्या जंगलांवर पडला. वाळवी आणि पावसापुढे टिकायचे ते मुख्यतः साग, साल आणि देवदार. त्यामुळे कुऱ्हाड आधी त्यांच्यावरच चालली.

लाकूड पुरेना, तेव्हा सरकारला जंगल 'राखायची' आठवण झाली. १८६४ मध्ये वनखातं आलं. डीट्रिच ब्रॅण्डिस हे जर्मन वनतज्ज्ञ त्याचे पहिले प्रमुख. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. त्यानं 'राखीव जंगल' ही हद्द पक्की केली. नांगराचं लाकूड, वईला काटेरी फांद्या, कुंपणाला मेढी, गुरांना चारा, हे सगळं ज्या रानातून सहज येई, तिथे आता परवानगी किंवा दंड. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते याच जाचामुळे.

म्हणजे शेतकऱ्याच्या कुंपणाचं लाकूड रुळाखाली गेलं. पुढे काँक्रीटचे स्लीपर आले, लाकडी निघाले, लिलावात विकले गेले आणि त्यातले काही पुन्हा कुंपणात आले. फक्त कुंपणाचा मालक बदलला. जुनं लाकूड स्वस्त पडतं, कारण त्याची पहिली किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते.

या लाकडात अजून एक गोष्ट मुरलेली असू शकते. १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी दाबाखाली लाकडात क्रिओसोट भरायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल. त्यानं चीडसारखं मऊ लाकूडही वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं असतात. म्हणून युरोपीय संघानं २००३ पासून असं जुनं लाकूड बागांमध्ये वापरण्यावर बंधनं घातली.

तेव्हा स्लीपर विकत घेताना दुपारच्या उन्हात हुंगून बघा. डांबराचा वास आला, हाताला तेलकट लागलं, तर भाजीच्या वाफ्याजवळ आणि पोरांच्या खेळायच्या जागी तो नको. उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच घालू नका. वास नसला तरी विकणाऱ्याला विचारा, कारण जुन्या तेलाचा वास कालांतराने मंदावतो. खात्री पटली, तर खुशाल कुंपण घाला. खिळ्यांची भोकं मात्र लांबीनं बुजवू नका. हे लाकूड कुठून आलं, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.