तर्जुमान, तुर्गुमान, ड्रॅगोमन

कैरोत आमची बारा जणांची टोळी मिनी बसमध्ये बसून घामाघूम झाली होती. ट्रॅफिक हलायला तयार नव्हतं. वेळ काढायला गाइड आजूबाजूची ठिकाणं सांगत होता. त्यात एका बस स्टँडचं नाव आलं, ‘तुर्गुमान’. मी अर्थ विचारला. तो हसला आणि म्हणाला, ‘‘दुभाषी. शंभर वर्षांपूर्वी मलाही लोकांनी हेच म्हटलं असतं.’’

पिरॅमिडांवरचं माझं लक्ष तिथेच उडालं. तुर्गुमानमधल्या ‘ग’च्या जागी ‘ज’ ठेवून पाहा. कागदपत्रांचा आपण जो तर्जुमा करतो, त्याचाच हा सख्खा भाऊ, तर्जुमान! तर्जुमा करणारा.

हा ‘ग’ आगंतुक नाही. अरबीतल्या ‘ज’चा उच्चार कैरोची माणसं ‘ग’ करतात. पिरॅमिडांचं गाव प्रमाण अरबीत ‘जीझा’, पण आपण सगळे गिझा म्हणतो. इजिप्तचा नेता नासरही जमाल नाही, गमाल. आपल्याकडे हा शब्द फारसीच्या वाटेने आला, म्हणून ‘ज’ शाबूत राहिला. कैरोच्या तोंडी त्याचा ‘ग’ झाला. आणि इंग्रजीत गाइडसाठी जो जुना शब्द आहे, ‘ड्रॅगोमन’, त्यातही ‘ग’च आहे. त्याचा ड्रॅगनशी काडीचा संबंध नाही, तो तुर्गुमानच.

युरोपात हा शब्द दोन दारांनी शिरलेला दिसतो. ‘ज’च्या दाराने फ्रेंचांचा ‘त्रुशमाँ’ आणि स्पॅनिशांचा ‘त्रुखामान’ आला, ‘ग’च्या दाराने इटालियनांचा ‘द्रागोमानो’. इटालियनांनी तर दोन्ही दारं उघडी ठेवली, कारण त्यांच्याकडे ‘तुर्चिमानो’ही आहे. कोशकार सांगतात, की ‘ग’वाला शब्द बायझंटाइन ग्रीकांच्या ‘द्रागुमानोस’वरून आला. माझा जीव मात्र कैरोकडे ओढतो. व्हेनिसचे व्यापारी शतकानुशतकं अलेक्झांड्रियाला मिरी घ्यायला जात. आपल्या मलबारच्या मिरीच्या पोत्यांबरोबर मिसरी ‘ग’ व्हेनिसला उतरला नसेल कशावरून? यावर एक आडवा प्रश्न येतो, तो लपवत नाही. मध्ययुगात कैरोतही ‘ज’च म्हणत असावेत, ‘ग’ नंतरचा, असं मानणारे भाषातज्ज्ञ आहेत. ते खरे ठरले तर माझी मिरीची पोती रिकामी. तोवर ती मी खाली उतरवणार नाही.

शब्दाचं मूळ गाव कोणतं, यावर तर जास्तच जुंपली आहे. अरबीच्या कितीतरी आधी प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत ‘तर्गुमन्नु’ होता, तोही ‘ग’सह. एक पक्ष त्याला सेमिटिक घराण्यात बसवतो: ‘र-ग-म’ या धातूचा अक्कादीत अर्थ हाका मारणं, ओरडणं. आधी ‘त’ लावून अक्कादीत नामं होतात. व्यापाऱ्याला ‘तम्कारु’ म्हणत, ते असंच घडलं. दुसरा पक्ष हित्ती भाषेतल्या ‘तर्कुम्माइ’कडे बोट दाखवतो. त्याचा अर्थ खबर देणं, कळवणं. मी दुसऱ्या पक्षात. हित्ती जिथे बोलली जाई त्या आजच्या तुर्कस्तानात, कुलतेपे इथे असिरियन व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून जास्त मातीच्या पाट्या सापडल्या. त्या जवळपास 4000 वर्षांपूर्वीच्या, आणि हा शब्द त्या व्यापाऱ्यांच्या लिखाणात भेटतो. परक्या मुलखात दुकान मांडलेल्या माणसाने दुभाषाला तिथल्याच लोकांचं नाव दिलं असणार. आपण नाही का ‘गाइड’च म्हणत?

त्याहून जुना एक दुभाषी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, एका अक्कादी मुद्रेवर. त्याचं नाव शू-इलिशू, हुद्दा ‘मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी’. मेलुह्हा म्हणजे सिंधूकाठचा मुलूख, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुद्रेवर बसलेल्या थोर व्यक्तीच्या मांडीवर एक छोटी आकृती आहे, समोर पाहुणे उभे. हुद्द्यासाठी जो सुमेरी शब्द कोरलाय त्याचा अर्थ जीभ पालटणारा. आपल्या शब्दांत म्हणावं तर जीभपालट्या!

स्पॅनिश त्रुखामानकडे एक मिनिट थांबायलाच हवं. सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोटे’च्या 1615 सालच्या दुसऱ्या भागात कठपुतळ्यांचा खेळ आहे. बाहुल्या नाचवणारा पडद्यामागे, आणि पुढे हातात काठी घेऊन एकेका बाहुलीकडे रोख धरत गोष्ट सांगणारा पोऱ्या. तो त्रुखामान. तो रंगात येऊन फाटे फोडायला लागला, की प्रेक्षकांतून डॉन किहोटे दटावतो, सरळ सांग. आमच्या गाइडच्या हातात मिटलेली पिवळी छत्री होती. बाकी सगळं तेच, दटावणारे काकासुद्धा.

आता सहलींचा इतिहास. थॉमस कुकने 5 जुलै 1841 रोजी सुमारे 500 माणसं शिलिंगभर भाड्यात लेस्टरहून लफबरोला नेली, हे सगळ्यांना पाठ असतं. माझं म्हणणं, ‘सगळं धरून अमुक इतके’ ही युक्ती कुकची नाहीच. कुक 1869 मध्ये दोन आगबोटी भाड्याने घेऊन नाईलवर माणसं घेऊन गेला, त्याआधीपासून कैरोत प्रवासी ड्रॅगोमनशी करार करायचे. रोजचा दर ठरायचा आणि त्यात नाव, तंबू, गाद्या, खेचरं, स्वयंपाकी, जेवण, सगळं ड्रॅगोमनने बघायचं. जर्मन प्रकाशक बेडेकरच्या प्रवासपुस्तकांत तर या कराराचा नमुनाच छापलेला असे. कुकने हेच घाऊक केलं आणि कूपन काढली.

भाषा येणाऱ्याकडेच शेवटी शिधासामग्री येते, हे मुंबईलाही ठाऊक होतं. दुभाषी शब्दाचा इंग्रजांनी ‘डुबाश’ केला, आणि मुंबई बंदरात डुबाश म्हणजे जहाजांना माल पुरवणारा. काळा घोड्याला के. दुबाश मार्ग आहे. दुबाश हे पारशी आडनाव त्या धंद्यातूनच आलं.

लक्झरला आमचा गाइड इंग्रजीत दहा मिनिटं बोलला. आमच्या टूर लीडर ताईंनी मराठीत एक वाक्य सांगितलं, ‘‘हा राजा लवकर गेला.’’ मागून काकू म्हणाल्या, ‘‘एवढंच? तो तर केव्हाचा बोलतोय.’’

यावर ज्यूंकडे नियमच होता. सिनेगॉगमध्ये हिब्रू पोथी वाचली जाई तेव्हा शेजारी एक ‘मेतुर्गेमान’ उभा राहून लोकांच्या भाषेत अर्थ सांगे. तोरा या धर्मग्रंथाचं एक वचन झालं, की थांबायचं, त्याचा अर्थ होऊ द्यायचा आणि मगच पुढचं. मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात तसं लिहून ठेवलंय. मी हे ताईंना चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी गाइडला काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी कर्नाकच्या खांबांमध्ये त्याचं एक वाक्य, ताईंचं एक वाक्य असं सुरू झालं. काकू पुढच्या रांगेत आल्या, आणि आमची बस तासभर उशिरा सुटली.