पेटी आली, गुरू आला नाही

गुरु-शिष्य परंपरेवर पीएच.डी. करतोय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'म्हणजे घराण्यांवर?' तर नाही. माझा विषय पेटीवादकांचा आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. ख्यालगायकाला घराणं विचारा, तो तीन पिढ्या सांगेल. आमच्या आंबिवलीत भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या बुवांना विचारा कुणाकडे शिकलात, तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'ऐकून ऐकून.' हे उत्तर तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचं, एवढ्याच प्रश्नाबद्दल आज लिहितो.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घेऊ, कारण ते फार स्वच्छ आहे. अमेरिकेतल्या नामवंत क्लॅरिनेटवादकांची वंशावळ काढली तर ती पटापट पॅरिसला पोचते. डॅनिएल बोनाद पॅरिसच्या संगीतशाळेत शिकले, अमेरिकेत गेले, फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात वाजवलं आणि तिथल्या कर्टिस संस्थेत शिकवलं. क्लीव्हलंड वाद्यवृंदाचे रॉबर्ट मार्सेलस हे त्यांचे शिष्य. दुसरी ओळ गास्तों आमलँ, त्यांचे शिष्य राल्फ मॅक्लेन आणि मॅक्लेन यांचे शिष्य हॅरल्ड राइट अशी. वाद्य, ते फुंकायची रीत आणि ती शिकवणारा माणूस, तिन्ही एकाच बाजूने आले. वर संस्थांची दप्तरं आहेत. कोण, कुठे, कुणाच्या वर्गात, सगळं कागदावर.

आता पेटी. हीसुद्धा मूळची पॅरिसचीच. अलेक्झांड्र दबँ याने 1840च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. क्लॅरिनेटमध्ये वेताची पत्ती थरथरते, पेटीत पितळेची, एवढं नातं. पायाने भाता मारायची ही पेटी इकडे आली. 1875च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि वाजवणारा जमिनीवर मांडी घालून बसला. पण तिच्यासोबत कुणी उस्ताद आला नाही. बोटं कशी टाकायची, यमन वाजवताना कुठे थांबायचं, हे सांगणारं पॅरिसमध्ये कोण असणार!

मग महाराष्ट्रातल्या पेटीवादकांनी गुरू कुठून आणला? गायकांकडून. गोविंदराव टेंबे (1881–1955) हे यातलं सर्वांत समृद्ध प्रकरण. सुरुवातीची पेटी त्यांनी बरीचशी स्वतःच्याच हिकमतीवर कमावली. अभिजात संगीताची ओळख झाली ती कोल्हापूरच्या देवल क्लबात. पुढे भास्करबुवा बखले यांच्याकडून मार्गदर्शन मिळालं. आणि अल्लादियाखाँसाहेबांकडे रीतसर तालीम झालेली नसतानाही टेंबे त्यांना गुरू मानत. खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. म्हणजे एका माणसाच्या नावामागे तीन बाण, आणि तिन्ही वेगळ्या जातीचे: संस्थेत कानावर पडलेलं, समोर बसून मिळालेलं आणि मनाने मानलेलं. 1911 साली 'मानापमान'ला चाली देणारा माणूस यांतल्या नेमक्या कुठल्या ओळीतून आला? मला तिन्ही ठेवावे लागतात.

त्यात गंमत अशी की भास्करबुवा (1869–1922) स्वतःच एका घराण्याचे नव्हते. ग्वाल्हेरचे फैज महंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ आणि नंतर अल्लादियाखाँ, अशी तीन ठिकाणची तालीम त्यांनी घेतली. त्यामुळे टेंब्यांपासून खाँसाहेबांपर्यंत दोन वाटा जातात: एक थेट, एक बुवांमार्गे. वंशवृक्षाच्या चित्रात हे बसत नाही. हे जाळं आहे. (कल्याणला देवगंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांसाठी: ते देवगंधर्व म्हणजे हेच भास्करबुवा.)

साथीदाराच्या बाबतीत हे जाळं आणखी दाट होतं. पेटीवर मींड निघत नाही, सूर ठरलेले. म्हणून गायक पुढची जागा कुठे घेणार याचा अंदाज बांधत वाजवावं लागतं. आज ग्वाल्हेर, उद्या किराणा. प्रत्येक मैफल ही अर्धी तालीमच असते, पण तिची नोंद 'साथ' अशी होते, 'शिक्षण' अशी नाही.

दुसरी पोकळी सरकारी आहे. 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं, तेही साथीपुरतं. साहजिकच त्या तीस वर्षांतले पेटीवादक रेडिओच्या कागदांत शोधायला गेलात तर हात रिकामे राहतात. माणसं मात्र वाजवत होती. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, याच काळातले, आणि त्यांच्याकडे शिकलेले तुळशीदास बोरकर (1934–2018) याच काळात घडले. म्हणून इथे नाटकांच्या जाहिराती, ध्वनिमुद्रिकांच्या याद्या, मैफलींची पत्रकं आणि मुलाखती हीच साधनं. काळ जुळतो आणि शहर जुळतं, एवढ्यावर बाण काढायचा मोह आवरा.

बोरकरांची ओळ मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. छापील परिचयात ती बहुधा 'पी. मधुकर यांचे शिष्य' इथून सुरू होते. पण गोव्यातल्या बोरीच्या या मुलाला पहिले धडे आईने दिले होते. घरात शिकवणाऱ्या बाईचा गंडा बांधला जात नाही, म्हणून तिचा बाणही काढला जात नाही. मी तो काढतो, आणि सर्वांत आधी काढतो. त्यापुढे मधुकर, मग छोटा गंधर्वांचा सहवास, आणि खाली सुधीर नायक यांच्यासारखे शिष्य.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी माझ्या तक्त्याची सध्याची रचना सांगून थांबतो. 'गुरू' असा एकच रकाना मी काढून टाकला आहे. त्याऐवजी चार आहेत: तालीम, साथ, श्रवण, मानलेला गुरू. प्रत्येकापुढे एक बारीक रकाना, हे कोण सांगतंय त्याचा: शिष्य स्वतः, गुरू, की तिसराच कुणी. टेंब्यांच्या नावासमोर तीन रकाने भरले. भजनी बुवांच्या नावासमोर एकच, 'श्रवण', पण तो आता कोरा नाही.